एका प्रदक्षिणेत दोन देश

राजाजीनगर, बेंगळुरू

विद्याधरराव,

रागासकट नमस्कार. तुमची आणि विहीणबाईंची प्रकृती ठणठणीत असणारच. अमितकडे आयर्लंडला राहायला गेल्यापासून तिथल्या हवेचं कौतुक दर फोनला ऐकतो. माझं ब्लडप्रेशर मात्र वाढलं आहे आणि त्याला तुम्ही जबाबदार आहात. (फोनवर शब्दाने शब्द वाढला असता. व्याह्यांशी भांडू नये असं आमच्या हिचं, प्रेमाचं, मत आहे, म्हणून पत्र.)

गेल्या वर्षी आम्ही लेक-जावयाला भेटायला आलो, तेव्हा सीमेवरच्या त्या चिमूटभर गावातला दगड न् दगड तुम्ही दाखवलात. किल्ला म्हणून उरलेली दीड भिंत, ती कोणी बांधली, कोणी जाळली, पुन्हा कोणी बांधली, पुन्हा कोणी जाळली, पडका मठ, बंद स्टेशन, जकातीची टपरी, जिच्यासमोरून बायका म्हणे लोणी लपवून नेत. मुलीकडची बाजू म्हणून मी भर पावसात सगळं ऐकून घेतलं. मग मठामागची ती पवित्र विहीर. तिकडचे लोकही तिला उजवी घालून फेऱ्या मारतात आणि मूल मागतात, हे तुम्हीच सांगितलंत. प्रदक्षिणा म्हटल्यावर आमच्यात कोणी मागे राहतं का? (माझा विश्वास नाही. प्रेमासाठी घातल्या.) बूट-मोजे काढून आम्ही गार चिखलात अकरा फेऱ्या पुऱ्या केल्या आणि तुम्ही हसत फोटो काढत होतात. सगळं झाल्यावर म्हणालात, विहिरीमागचा ओहोळ म्हणजे सीमा, पलीकडची अर्धी वाट उत्तर आयर्लंडची, म्हणजे ब्रिटनची. आमच्या व्हिसावर पलीकडची मुभा नव्हती हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. जन्मभर सरकारी संशोधन संस्थेत काढून कधी रांगसुद्धा न मोडलेल्या माणसाला तुम्ही अकरा वेळा घुसखोर केलंत.

तेही मी गिळलं. पण हा प्रसंग तुम्ही लिहून पाठवलात तो इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात? फोटोसकट, खाली माझं पूर्ण नाव आणि निवृत्तीपूर्वीचा हुद्दा? चामराजपेटचे विठोजीअण्णा भर कार्यक्रमात म्हणाले, "काय रत्नाकरराव, व्हिसा नसताना स्वल्प इंग्लंड करून आलात म्हणे." लोक पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. गौरीला इतक्या वर्षांनी दिवस राहिलेत, बाळंतपणाला आम्हाला यायचंय, नव्या व्हिसाचे अर्ज गेलेत आणि मंडळाने तो अंक वेबसाइटवरही टाकलाय. अर्ज नाकारले तर माझ्या लेकीच्या उशाशी कोण बसणार? विहीणबाई आहेत, मान्य. पण आई ती आई. मंडळाला आजच्या आज सांगून तो लेख काढायला लावा.

आपला (नाइलाजाने),
रत्नाकर

ता.क. व्हिसा मिळाला तरी त्या विहिरीकडे मी फिरकणार नाही. पण प्रेमा म्हणते नवस फळला, तर फेडायला हवा. तुम्हाला दोन्ही बाजूंना मोकळीक आहे. तेवढ्या फेऱ्या आमच्या वतीने तुम्ही घाला. अनवाणी. फोटो नको.

ता.ता.क. प्रेमा असं काही म्हणाली नाही. ती बिचारी तिथे कुडकुडत होती आणि घरी चला म्हणत होती. नवस मी बोललो. तिथला देव कोण, त्याला मराठी कळतं का, काही ठाऊक नव्हतं, तरी गौरीसाठी बोललो. मंडळाला कळवू नका.