रिंगखाली

१८ जानेवारी

पुन्हा हरलो! आणि पुन्हा रिंगखालीच.

शॉट आमचे चुकतात तसे त्यांचेही चुकतात, त्यात काही फरक नाही. फरक नंतर पडतो. बॉल बास्केटच्या रिंगवर आपटतो, वर उडतो, आणि खाली येतो तो नेहमी त्यांच्याच हातात. आम्ही आपल्या तोंड वर करून उभ्या — विमान बघायला आल्यासारख्या. एकदा तर त्यांची रिंगखालची सेंटर चुकली, तिनेच उचलला, पुन्हा चुकली, पुन्हा उचलला… शेवटी बिचारीला स्वतःचीच लाज वाटली असेल, घातला एकदाचा.

सर मॅचभर ओरडत होते, पण परतीच्या बसमध्ये एकदम मऊ आवाजात म्हणाले, "शॉट सगळ्यांचेच चुकतात गं पोरींनो. चुकलेला बॉल कुणाचा, एवढाच प्रश्न असतो."

 सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. ते जास्त लागलं.

१९ जानेवारी

मी सेंटर नाही! मोठ्याने कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते. मी फॉरवर्ड. बाजूने पळायचं, कोपऱ्यातून मारायचं, घाम पुसायचा, घरी जायचं. सेंटर आमची शिडी आहे. शिडी माझी रूममेट. खोलीच्या दारातून वाकून येते, तिचे पाय नेहमी चादरीबाहेर. ती रिंगखाली होती तोवर मला रिबाउंड, म्हणजे चुकलेला बॉल उचलणं, हा शब्दच आठवायचा नाही. बॉल वर गेला की तो शिडीचा, विषय संपला.

नोव्हेंबरात सरावाला उडी मारली आणि उतरली ती नेमकी मावशीच्या पायावर. गुडघा पिळवटला. डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या, मग बघू. तेव्हापासून आम्ही सगळ्या त्या "मग बघू"वर जगतोय.

(मावशी ही कुणाची मावशी नाही. आमची दुसरी फॉरवर्ड आहे. बसताना "आई गं" म्हणते, उठताना "चला बाई" म्हणते, आणि बॉल जवळून गेला तरी त्याला आपणहून त्रास देत नाही.)

सरांनी मला रिंगखाली उभं केलं तेव्हा म्हणाले होते, "उंची नाही तुझी, पण अंगाने दणकट आहेस. शिडी येईपर्यंत नुसता टेकू दे." झालं! तेव्हापासून सगळं कॉलेज मला टेकू म्हणतं.

२२ जानेवारी

सकाळभर एकच. "पाठ लाव! बॉलकडे बघू नकोस, आधी माणूस अडव! पाठ लाव!"

शॉट सुटला की समोरच्या पोरीला पाठीने मागे रेटायचं, पाय फाकवून जागा धरायची, मग वर बघायचं. ऐकायला सोपं आहे. मी पाठ लावते, ती माझ्या डोक्यावरून हात घालून बॉल घेऊन जाते. मी जागा धरते आणि ती हवा!

शिडी खुर्ची टाकून रेषेबाहेर बसली होती. तिथून ओरडत होती — "डावीकडून मारलेला उजवीकडे पडतो गं, तू आधीच जा ना!" आधीच गेले. खरंच पडला. दोनदा मिळाला! तिसऱ्यांदा मावशीचं कोपर नाकावर. रक्त. मावशी म्हणाली, "अगं बाई, तू मध्ये कशाला आलीस?"

मध्ये कशाला आले! सेंटर आहे म्हणून आले.

२३ जानेवारी

बाबांचा फोन. पहिला प्रश्न, "काय गं, किती रिबाउंड?" हा शब्द त्यांना मीच शिकवला. शिडी खेळत होती तेव्हा मोठ्या हौसेने.

२६ जानेवारी

हरलो.

त्यांच्या सेंटरने माझ्या डोक्यावरून बॉल उचलला आणि वर मला "सॉरी हं" म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यापेक्षा कोपर मारलं असतं तरी चाललं असतं.

हाफ टाइमला रडले. बाथरूममध्ये, नळ सोडून. बाहेर आले तर शिडी दाराशी उभी. म्हणाली, "पुढच्या मॅचला मी येते." मी तिच्या गळ्यातच पडले. म्हणजे पोटात. तिचा गळा फार वर आहे.

२७ जानेवारी

सरांनी सगळ्यांना जिममध्ये गोल बसवलं. एकच मॅच उरली. ती हरलो तर आम्ही तळाला, आणि तळाची टीम पुढच्या वर्षी खालच्या गटात. एवढंच बोलले. बाकीचं कॅप्टनने नंतर सांगितलं, तिला ऑफिसातून कळलं — खालच्या गटातल्या टीमला कॉलेज कोच देत नाही. म्हणजे सर घरी. सरांनी यातलं अक्षरही काढलं नाही. नुसते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत, सोडवत, गुंडाळत बसले होते.

मग शिडीला विचारलं, "कसा आहे गुडघा?"

"चालतंय सर."

"चालतंय, का पळतंय?"

सगळ्या हसल्या. शिडी पण हसली. म्हणाली, "पळतंय."

"आणि डॉक्टर?"

"म्हणाले, बघा जमतंय का."

सरांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग टाळी वाजवली. सगळ्यात मोठ्याने मी वाजवली.

तिने डॉक्टरांची मागची तारीख चुकवली आहे, हे मला माहीत आहे. त्या दिवशी ती खोलीतच झोपून होती.

३० जानेवारी

शिडी सरावाला परत! काय सांगू! गुडघ्याला काळा पट्टा, पण हात तेच. बॉल वर गेला की ती नुसती उभी राहते आणि बॉल तिच्याकडे येतो, पाळलेला असल्यासारखा. मी माझ्या कोपऱ्यात. कोपऱ्यातून सटासट मारले. मावशीसुद्धा पळाली! सर शिट्टी वाजवायची विसरले.

नंतर हॉस्टेलचा जिना चढताना ती मध्येच थांबली. मला म्हणाली, "हात दे." मला वाटलं दमली. खोलीत गेल्यावर पट्टा सोडला. गुडघा नव्हता तो, पाव होता फुगलेला. वर बोट ठेवून म्हणाली, "इथे आतून सटकतो. उतरताना. खालचा पाय माझा नाहीच असं वाटतं एक क्षण."



"सरांना सांगू या," मी म्हटलं.

"नको. कुणाला सांगायचं नाही. तुला माझ्या गळ्याची शपथ." आणि मग थोड्या वेळाने, पट्टा घडी करत — "तू असतीस तर काय केलं असतंस?"

मी म्हटलं, "खेळले असते."

ती बरं म्हणाली.

३१ जानेवारी

बर्फ. सूज थोडी कमी. किंवा मला तसं दिसतंय.

१ फेब्रुवारी

शपथ म्हणजे शपथ. तिचा गुडघा, तिला कळतो. लहान आहे का ती? शिवाय सरांची नोकरी, शिवाय कॅप्टनचं हे शेवटचं वर्ष. सकाळपासून ही सगळी कारणं एकामागून एक काढतेय आणि सगळी पटतायत. एक मात्र लिहायला हात धजत नाही, ते असं की ती आली नाही तर रिंगखाली मी. त्या शेवटच्या टीमची सेंटर शिडीहूनही उंच आहे.

लिहिलं की शेवटी.

२ फेब्रुवारी

काकूंचा फोन. शिडीची आई. त्या बसवर कंडक्टर आहेत, दोन फेऱ्यांच्या मध्ये फोन करतात. मागे घंटा वाजत होती, कुणीतरी "पुढे सरका, पुढे सरका" करत होतं. नेहमी शिडीला करतात. आज मला.

"ती मला धड सांगत नाही बाई. तू तिच्या खोलीत असतेस. गुडघा बरा आहे ना? खरं सांग हं."

शिडी समोरच्या कॉटवर बसली होती. बुटाच्या नाड्या ओवत होती. हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं डोळ्यांनी दटावतेय.

मी म्हटलं, "बरा आहे काकू. उड्या मारतेय नुसती."

"देव तुझं भलं करो," त्या म्हणाल्या, आणि घंटा झाली, गाडी सुटली.

शिडीने मान खाली घातली. राहिलेल्या नाड्या ओवल्या. मला वाटलं थँक्यू म्हणेल. म्हणाली नाही.

४ फेब्रुवारी

ती जिना उलटी उतरते. तोंड भिंतीकडे करून, कठडा धरून. कुणी आलं की थांबते आणि मोबाइल बघत असल्याचं दाखवते.

५ फेब्रुवारी

सराव संपल्यावर सर पाण्याच्या नळाशी एकटे होते. मी बाटली भरायला गेले. ते म्हणाले, "टेकू, तुझ्या मैत्रिणीला सांभाळ. दुखत असेल तर दुखतंय म्हणायला सांग." मी म्हटलं, "हो सर." बाटली भरून सांडायला लागली तरी नळ बंद केला नाही. तेही हलले नाहीत. दोघंही जणू कुणीतरी तिसरं येऊन बोलेल म्हणून थांबलो होतो.

कुणी आलं नाही.

७ फेब्रुवारी

जिंकलो.

मला हे आनंदाने लिहायचं होतं.

पहिल्या अर्ध्यात शिडीने त्या ताडमाड सेंटरला रिंगजवळ येऊच दिलं नाही. पाठ लावली की लावली! एकापाठोपाठ एक बॉल काढले आणि माझ्या कोपऱ्यात फेकले, मी मारत सुटले. इतकं सुंदर आम्ही कधीच खेळलो नव्हतो. मावशीने एक रिबाउंड घेतला आणि घाबरून सगळ्यांकडे बघितलं, याचं आता काय करू म्हणून! बेंचवर सर उभेच. हाफ टाइमला शिडी भिंतीला टेकून उभी राहिली, बसली नाही. मी पाणी दिलं. ओठ पांढरे. "ठीक?" मी विचारलं. "तू सांग," ती म्हणाली. मी म्हटलं, "एक नंबर खेळतेयस!"

शेवटचे काही सेकंद. एका गुणाने पुढे आम्ही. त्यांचा शॉट चुकला, बॉल रिंगच्या कडेवर नाचला, आणि शिडी गेली वर. सगळ्यांच्या वर. दोन्ही हातांत घेतला. उतरली.

आवाज मला ऐकू आला. प्रेक्षक ओरडत होते तरी आला. ओली फांदी मोडल्यासारखा.

पडल्यावरही तिने बॉल सोडला नाही. पोटाशी धरून ठेवला, वेळ संपेपर्यंत. शिट्टी झाली, आमच्या पोरी किंचाळत धावल्या — जिंकलो म्हणून. अर्ध्या वाटेत थांबल्या.

सर तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले. तिचा बॉल काढून घ्यायला लागले तर ती देईना.

८ फेब्रुवारी

गुडघ्याचं लिगामेंट आधी अर्धवट फाटलेलं होतं, आता पूर्ण. आतली गादीही गेली. डॉक्टर सरांना म्हणाले, "हिला खेळू कुणी दिलं?"  सर बाहेर येऊन बाकावर बसले, हातात तिचा बूट. पायातून कापून काढावा लागला होता.

काकू कंडक्टरच्या गणवेशातच आल्या. माझ्याकडे बघितलं.  ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. चालेल, म्हणाले. जिना चढेल. उडी नाही. कधीच नाही.

कॉलेजच्या फलकावर आमचा फोटो लागलाय. "वरच्या गटात कायम!" फोटोत शिडी नाही, ती तेव्हा अँब्युलन्समध्ये होती.

११ फेब्रुवारी

बाबांचा फोन. "किती रिबाउंड?" मी फोन ठेवून दिला.

१२ फेब्रुवारी

सरांनी राजीनामा दिला. नोकरी वाचली होती, तरी दिला. कॅप्टन सांगत होती, प्रिन्सिपलनी पुष्कळ समजावलं. पोरी त्यांना भेटायला गेल्या. मी गेले नाही. त्यांनी मला विचारलं असतं, तुला माहीत होतं का. किंवा विचारलं नसतं.

मावशी आज माझ्या खोलीत येऊन बसली. शिडीच्या कॉटवरची चादर झटकली, नीट घातली. जाताना म्हणाली, "त्या दिवशी तिच्या पायाखाली माझा पाय आला नसता तर…" आणि रडायला लागली. मी तिला म्हटलं, तुझी काही चूक नाही. हे वाक्य कुणीतरी मला म्हणावं म्हणून मी तिला तीन-चारदा म्हटलं.

१५ फेब्रुवारी

आज काकू चहा आणायला गेल्या तेव्हा वॉर्डात आम्ही दोघीच.  मी म्हटलं, "मी शपथ मोडली नाही हं. कुणालाच सांगितलं नाही. अजूनही नाही."

शिडी खिडकीकडे बघत होती.

"हो ना," ती म्हणाली. "मला सरांना नाही म्हणता येत नव्हतं. म्हणून गुडघा तुला दाखवला. वाटलं, तू सांगशील."