हक्का शिकवणारी तुमची नात

आमे,
तुमच्या मुलासारखीच मीही तुम्हाला आमे म्हणत आले, म्हणून सासूला लिहिलेल्या या पत्रातही तेच. लग्नाआधी हक्का हा शब्द मला फक्त नूडल्समुळे माहीत होता. ती चिनी लोकांतल्या एका समाजाची भाषा आहे आणि तुम्ही ती कोलकात्याहून इथे परदेशात, स्कारबरोला जपून आणली आहे, हे तुमच्या स्वयंपाकघरात कळलं. मला अजून दिसतं: टोफूच्या तुकड्यांत खिमा भरता भरता तुम्ही नातीला एकेक शब्द सांगताय, ती तो म्हणतेय, आणि माझ्याशी तुम्ही तुमच्या कोलकात्याच्या हिंदीत बोलताय. ती पाच वर्षांची असताना शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलगी वर्गात गप्प असते, घरी एकच भाषा ठेवा. मी ग्रोसरीच्या पिशव्याही खाली न ठेवता तुम्हाला म्हणाले, "आमे, अब से उसके साथ सिर्फ इंग्लिश." तुम्ही हात पुसलेत. "हमको इंग्लिश में डॉक्टर से बात करना आता है. बच्ची को लाड़ करना नहीं आता. तुम अपना मराठी भी बंद करेगा?" मी हो म्हणाले, आणि माझी मराठी बंद केलीही. तुम्ही मात्र ऐकलं नाहीत. ऑफिसातून लवकर आले की बेसमेंटमधून तुम्हा दोघींचा आवाज यायचा आणि जिन्यावर माझं पाऊल वाजलं की थांबायचा. तीन वर्षं हे चाललं. मग तुम्ही गेलात.

त्यालाही पंधरा वर्षं झाली. कॉलेजात गेल्यावर ती आपणहून म्हाताऱ्या हक्का बायकांजवळ जाऊन बसायला लागली, त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायला लागली. यंदा तिने लायब्ररीतल्या एका खोलीत शनिवारचा वर्ग सुरू केलाय. परवा मी मागे बसले होते. अकरा मुलं, आपसात इंग्लिशच बोलणारी. तिने विचारलं, "सित् पाउ मांग?" पोटभर जेवलात का? मुलांनी चुकत, हसत उत्तरं दिली आणि तिने प्रत्येकाचा सूर नीट करून घेतला. नातवाला घेऊन आलेली एक आजी माझ्याकडे वळली. "ये लड़की किससे सीखा? ये तो हमारा मोहल्ला का बोली है." माझी मान ताठ झाली. "अपनी दादी से," मी म्हणाले.

परतताना गाडीत मी तिला मराठीत म्हटलं, "फार अभिमान वाटला गं तुझा."

"थँक्स, मॉम. पण... व्हाय आर यू क्रायिंग?"

आपोची, म्हणजे तिच्या आजीची, तुमची, आठवण आली, असं मी सांगितलं. ते खरं होतं, पण अर्धंच. एवढ्या वाक्यात मराठीतला 'पण' तेवढा तिने माझ्यासाठी शोधून काढला होता. मराठीतलं हे पत्र तुम्हाला वाचता आलं नसतं, आणि तिलाही येणार नाही. ते टेबलाच्या खणातच राहील. अभिमान मी सगळ्यांना सांगत फिरते, आमे. तुमचा थोडा हेवाही वाटतो, तो फक्त इथे लिहिते.