दिल्लीच्या पाण्याची निर्दोष सुटका

गुडगाव, फेब्रुवारी २००१

तीर्थस्वरूप कुमुदआत्या,

अकराव्या मजल्यावरून वाकून नमस्कार (फार वाकत नाही, कठड्याचं सिमेंट अजून ओलं आहे). तुझी तब्येत विचारणार होते, पण तू "उत्तम" असंच लिहिणार, म्हणून परवा परस्पर सोलापूरला वैभवीवहिनीला फोन केला. तिच्याकडून जे कळलं त्याकडे येतेच.

आम्ही मजेत. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत आपण सहाजण मावायचो. इथं तीन खोल्यांत अनिश आणि मी नवराबायको एकमेकांना शोधत फिरतो. बाल्कनीतून मोहरीचं शेत दिसतं, आणि शेतात पुढच्या टॉवरची पाटी. ऊन मात्र तेच. जानेवारीत क्वार्टरपुढच्या हिरवळीवर बसून तू मटार सोलायचीस, तुझ्या ऑफिसातल्या साहेबांच्या नकला करायचीस, आणि आम्ही पोरं सोललेले दाणे तुझ्यादेखत फस्त करायचो. इथंही हिरवळ आहे, पण तिच्यावर बसायला सोसायटीची मनाई आहे. फार आठवण येते गं तुझी.

मागे तू विचारलंस, एवढी डॉक्टर होऊन मी गव्हाच्या मागे का लागले? तर काही माणसांच्या आतड्याला गहू सोसत नाही. त्या आजाराला सीलिअॅक म्हणतात. तो बायकांमध्ये जास्त सापडतो. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन. पेशीत त्याच्यासाठी राखीव जागा असते, तिला रिसेप्टर म्हणायचं (सरकारी क्वार्टर समज, ज्याच्या नावावर त्यालाच ताबा). आतड्यातल्या या जागांचा आजाराशी काही संबंध आहे का, एवढाच माझा प्रश्न. पण तुलनेसाठी धडधाकट बायकांचं रक्तही लागतं, आणि धडधाकट बाई दवाखान्यात कशाला येईल?

म्हणून मी डोकं चालवलं (तिथंच फसले). सोसायटीतल्या मराठी बायकांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं. दारात मी गुलाबदाणी घेऊन, आत आमची टेक्निशियन विजयालक्ष्मी सुई घेऊन. सगळ्यांना नीट समजावलं, सह्या घेतल्या, पण आधी काय आणि मग काय ते कुणाला कळेना. एकीनं तिळगूळ तोंडात टाकून दंड पुढे केला, दुसरी वाणाचा डबा घेतल्याशिवाय बाही वर करेना, तिसरी सुई बघूनच आडवी झाली आणि तिला शुद्धीवर आणता आणता गुलाबपाणी संपलं. विजयालक्ष्मी म्हणाली, "मॅडम, ये पूजा है या कैंप?" दुसऱ्या दिवशी आमच्या संशोधन संस्थेतल्या साहेबांनी सगळ्या नळ्या बाद केल्या. रक्त संस्थेतच घ्यायचं, असा नियम आहे म्हणे. वर म्हणाले, "अगली बार किसी की शादी में चली जाना."

पण गंमत पुढेच आहे. धडधाकट म्हणून बोलावलेल्या बायका बसल्या बसल्या दुखणी सांगू लागल्या. त्यातली रुचिरा, बार्शीची, अगदी काडी, म्हणाली, "मला ना, दिल्लीचं पाणीच मानवत नाही. माहेरी गेले की महिन्याभरात बरी होते." हे वाक्य आपल्या घरात किती वर्षं म्हटलं गेलं! मी तिला संस्थेत नेऊन रीतसर तपासलं. पाणी निर्दोष निघालं, गहू दोषी. माहेरी ती भाकरी खाते.

आत्या, तूही भाकरीवर वाढलीस. दिल्लीत रेशनच्या गव्हाच्या पोळ्या खात वाळत गेलीस, जीव लावलेली नोकरी सोडलीस, आणि सोलापूरला जाऊन सुधारलीस. सगळे पाण्याला नावं ठेवत राहिले. आता वहिनी म्हणते, कवळी नीट बसत नाही म्हणून वर्षभर तू दुधात पोळी कुस्करून खातेस, आणि अंगात रक्त उरलेलं नाही. आता कुठल्या पाण्याला बोल लावायचा? मला भीती वाटते.

असो. अनिशचा नमस्कार.

तुझी
सुखदा

ता. क. तुझं इकडे यायचं, होळीच्या आधीचं कर्नाटक एक्स्प्रेसचं आरक्षण झालंय, वहिनी सोबत येते आहे. विचारत नाही, कळवते आहे.

ता. क. २. तपासणी होईपर्यंत पोळी सोडू नकोस, नाहीतर रक्तात काही सापडायचं नाही. (गहू खा म्हणून सांगायची पाळी माझ्यावर यावी!)

ता. क. ३. तू म्हणशील, सुखीला अभ्यासाला एक म्हातारी कमी पडली असेल. आम्ही पंचेचाळिशीच्या आतल्याच बायका घेतो. अभ्यासाला तुझा काडीचा उपयोग नाही. तू मला हवी आहेस.