उजव्या दंडाचं माप

प्रिय बारके,

पाकीट हाताला जाड लागलं असेल. पत्राखेरीज आत काय आहे ते शेवटी सांगते. तोवर उघडू नकोस असं लिहिणार होते, पण तुला मी ओळखून आहे. एव्हाना बाहेर काढून मांडीवर घेऊन बसली असशील. असू दे. पत्र मात्र पुरतं वाच. फोनवर मी विषय काढला रे काढला की तुझं दूध उतू जातं, नाहीतर दारावरची बेल वाजते. पत्राच्या मध्येच तुला फोन ठेवता येणार नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी इकडची खबर. दुकान चालू आहे, म्हणजे शटर उघडं असतं. नवे कपडे कोण शिवणार? घालून जायचं कुठे? पण घरात बसून बसून सगळ्यांची अंगं सुटलीयत, त्यामुळे जो येतो तो पँट पुढे करतो आणि कंबर सैल करून मागतो. समोरचे रिटायर्ड हेडमास्तर तीच पँट दुसऱ्यांदा घेऊन आले. म्हटलं, सर, आता आतलं कापड संपलं, यापुढे जेवणच कमी करावं लागेल. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हसत होती. तिचं हसू अजून तेच आहे गं, खांदे हलतात, आवाज येत नाही. तूही अश्शीच हसतेस. ते समोर बसून बघायला मिळालं नाही याला आता दोन वर्षं होत आली. फोनवर तू हसायला लागलीस की नेमकं चित्र अडकतं, आणि आम्ही दोघी तुझ्या उघड्या तोंडाकडे बघत बसतो.

ये ना गं. झालं, लिहून टाकलं. चार पानं भरून मग हळूच लिहिणार होते, पण माझ्यात तेवढा दम कुठला? आई दिवसेंदिवस विसरत चाललीय. आधी वस्तू विसरायची, मग वार, आता माणसं. डॉक्टर म्हणाले, हे असंच पायरी पायरीनं जाणार, परत वर यायचं नाही. सध्या तू तिला आठवतेस. उद्याचं मला सांगता येत नाही.

आणि लस घेतलेल्यांना आता हद्दीवरून इकडे येऊ देतात, हे तुलाही ठाऊक आहे. तू आधी म्हणालीस, गर्दी ओसरू दे. मग म्हणालीस, ताप येतो म्हणे. मग कुणी तरी कसला तरी व्हिडिओ पाठवला. मेहुण्यांनी घेतली, पोरांनी घेतली, तुमच्या घरात आता काय ते मांजर आणि तू राहिलीयत. अगं, मी तुझी सख्खी बहीण. मला कशाला व्हिडिओ सांगतेस? तुला सुईची भीती वाटते. एवढंच आहे ते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शिलाईच्या दुकानात जन्मलेली पोर, दिवसभर बटणांची काजं करायचीस, बोटाला टोचली तर चोखून पुढचा टाका घालायचीस. पण नर्सच्या हातात सुई दिसली की तुझा चेहरा पांढराफटक. शाळेत टोचायला यायचे त्या दिवशी तू कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात लपून बसलेलीस आठवतं? शिंकलीस म्हणून सापडलीस. आई तशीच गळ्यात टेप अडकवलेली, तुला काखोटीला मारून शाळेत घेऊन आली. मला म्हणाली, तू मोठी, तू पुढे हो. मी झाले पुढे, टोचून घेतलं, बाजूला उभी राहिले. मग तुझा नंबर. नर्स डाव्या हाताशी, तर आईनं तुझ्या उजव्या दंडाला टेप गुंडाळली आणि म्हणाली, बारके, इकडे बघ, आकडा वाच. मोठ्यानं वाच. तू मान वळवून आकडा शोधत होतीस तोवर काम झालंसुद्धा. पुढे ही युक्ती तुला कळली, तरी दर वेळी तुला टेप लागायचीच. मला कुणी टेप गुंडाळली नाही. मी शूर होते ना!

तर आम्ही दोघी गेल्या आठवड्यात जाऊन आलो. शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये केंद्र होतं. खेळाच्या पट्ट्या आखलेल्या जमिनीवर लांब लांब मांडलेल्या खुर्च्या, सगळी तोंडं झाकलेली, आणि एवढी माणसं असून कुणी हू की चू करत नव्हतं. आईला मी नवा मास्क शिवला होता. तिनं वाटेत तीनदा उलटासुलटा करून त्याची शिवण तपासली. टेप अर्थातच गळ्यात. हल्ली ती झोपतानाही काढत नाही. आईला आधी टोचलं. तिनं पापणीसुद्धा हलवली नाही. उलट त्या नर्सलाच म्हणाली, तुमच्या कोटाची डावी बाही फिरलीय, कुणी शिवला हो हा? नर्स बिचारी एका हातात कापूस धरून आपली बाही बघायला लागली.

टोचल्यावर अर्धा तास पलीकडे बसून राहायचं होतं. आईला तिथं बसवून मी माझ्या खुर्चीत गेले. खरं सांगू? मलाही भीती वाटत होती. सुईची नाही. मला काही झालं तर आईला कोण बघेल, ही. आजवर कधी असं वाटलं नव्हतं. नर्सनं माझी बाही वर सारली, आणि तेवढ्यात माझ्या उजव्या दंडाला काही तरी गार लागलं. बघते तर आई. खुर्ची सोडून, सगळ्या पट्ट्या ओलांडून आलेली. माझ्या दंडाला टेप गुंडाळत होती आणि म्हणत होती, बारके, इकडे बघ. आकडा वाच.

नर्स तिला मागे न्यायला उठली. मी मान हलवून नको म्हटलं. आई, मी बारकी नाही, एवढंच सांगायचं होतं. नाही सांगितलं. इतक्या वर्षांनी ती टेप माझ्या दंडाला लागली होती, मग ती तुझ्या नावानं का असेना. बारके, मला ते हवं होतं गं. शाळेच्या त्या रांगेत बाजूला उभी होते तेव्हापासून हवं होतं, ते मलाच माहीत नव्हतं. आकडा मला दिसेना. चष्मा पर्समध्ये, डोळे भरलेले. तोंडाला येईल तो सांगितला. आईनं वाकून टेप पाहिली आणि नर्सला कौतुकानं म्हणाली, अंगानं चांगली भरली हो आमची बारकी! तोवर टोचूनही झालं होतं.

तेव्हापासून तिला वाटतं, तू येऊन गेलीस. संध्याकाळी दुकानाच्या दाराकडे बघते आणि मला विचारते, बारकी आत्ता तर इथं होती, कुठं गेली? मला बाई म्हणते हल्ली. बाई, तुम्ही बघितलंत का तिला? मी कायम समोर असते, मला शोधावं लागत नाही, म्हणून माझं नाव तिला लागत नसेल, अशी मी माझी समजूत घालते. तुझा राग नाही येत. पण तू इथं असतीस तर आपण दोघी मिळून हसलो तरी असतो. एकटीला ते हसू येत नाही.

काल राहवेना. तिच्याशेजारी बसले आणि सरळ सांगितलं, आई, बारकीला अजून टोचलेलं नाही. ती लांब आहे आणि घाबरलीय, म्हणून येत नाही. ती टेपचं टोक बोटांत फिरवत राहिली. मला वाटलं, विसरली. मग तिनं गळ्यातली टेप काढली, नीट गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, तू मोठी, तू पुढे हो. मला बाई नाही म्हणाली. बारके, तेवढ्यापुरतं तिनं मला ओळखलं.

तिला सोडून मला येता येत नाही, म्हणून टेप पाठवतेय. ही तिचीच आहे, पहिला आकडा तिच्या अंगठ्यानं पुसला गेलाय, बघ. मेहुण्यांना सांग, उजव्या दंडाला गुंडाळायची, आणि आकडा तू वाचायचास, मोठ्यानं. लोक हसले तर हसू देत. इथं आईचा हात सारखा गळ्याशी जातोय. नवी टेप दिली तर तिनं उलगडून पाहिली आणि ही माझी नाही म्हणून परत केली. तेव्हा ही मला लवकर परत हवी. पोस्टानं पाठवू नकोस.

वाट बघणारी, तुझीच
ताई