अक्षय तृतीयेचं बुकिंग आणि आमचा सर्व्हर

६ फेब्रुवारी
सर्व्हर आला. गेवराईच्या आमच्या मंगल कार्यालयाचं सगळं बुकिंग आता यात. ऑफिसात, फाटकाकडच्या भिंतीला लागून बसवला. जुनी पावतीपुस्तकं त्यात उतरवून रद्दीत दिली. ज्याने सर्व्हर विकला तो बीडचा वासिफच म्हणत होता, सर, हे नका घेऊ, क्लाऊड घ्या, थोडं भाडं भरायचं आणि काळजी त्यांची. आपल्याच मालाविरुद्ध बोलणारा दुकानदार पाहून संशय आला. लग्नाची तारीख म्हणजे लोकांचा विश्वास, तो परक्याच्या कम्प्युटरवर ठेवणं मला पटत नाही. शिवाय नेट गेलं तर? लाईट गेली तर आपला सर्व्हरही बंद पडणार, हे मान्य. पण निदान डोळ्यांसमोर पडेल.

संध्याकाळी स्वतःला विचारलं: हा निर्णय तत्त्वाचा की हौसेचा? प्रामाणिक उत्तर: तत्त्वाचा.

९ फेब्रुवारी
बायकोचे, म्हणजे मनिषाचे, थोरले भाऊ अमरसिंह येऊन गेले. कार्यालय त्यांचं, चालवतो मी. बीडचे कोचिंग क्लासवाले हॉल कायमचा भाड्याने मागतायत म्हणाले. एवढा हंगाम बिनबोभाट पार पडला तर कार्यालय कायमचं माझ्या हाती, नाही तर जूनपासून तिथे क्लास. सर्व्हर दाखवला. त्यांनी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्यावर हात ठेवला. प्रभावित झाले असावेत.

संकल्प: रोज बॅकअप.

१५ फेब्रुवारी
बॅकअप एकदाही चुकला नाही. वासिफला मुद्दाम फोन करून सांगितलं. कुठे घेता, त्याने विचारलं. म्हटलं, डी ड्राइव्हला. त्यानंतर तो बोललाच नाही. रेंज गेली असावी.

२२ फेब्रुवारी
मोठं लग्न. आत गोंगाट नको म्हणून डीजे फाटकापाशी लावायला मीच सांगितलं होतं. फाटकापाशी म्हणजे ऑफिसच्या भिंतीला लागून, हे खरं. वरात दारातून हलेना. टेबलावरचा चहाचा कप आपोआप चालत कडेपर्यंत आला. सर्व्हर मात्र शांत. चांगल्या यंत्राची हीच खूण.

२३ फेब्रुवारी
अजून शांत. सुरू होत नाही.

२४ फेब्रुवारी
वासिफ आला, उघडून पाहिलं. म्हणाला, "हार्ड डिस्कमधे चकती फिरत असती, सर. तिला वरातीत न्हाई नाचवत." डिस्क गेली. बॅकअपही गेला. डी ड्राइव्ह म्हणजे वेगळी डिस्क नसून त्याच डिस्कचा वाटा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वासिफने सांगितलं असतं, पण रेंज.

अमरसिंहांना कळवायचं का? सत्य लपवणं माझ्या स्वभावात नाही. योग्य वेळी सांगेन.

२६ फेब्रुवारी
उपाय सापडला आणि तो इतका सोपा आहे की हसू आलं. ज्यांनी बुकिंग केलं त्यांनाच विचारायचं. व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपांवर टाकलं: आमच्याकडील नोंदी गेल्या आहेत, ज्यांनी तारीख घेतली असेल त्यांनी ती कळवावी. मनिषा म्हणाली, घराला कुलूप नाही हे गावाला सांगून आलात. तिचा माणसांवर विश्वास कमी.

२८ फेब्रुवारी
प्रतिसाद उत्तम. अक्षय तृतीया सांगणारे अकरा जण. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, त्यात यंदा रविवार. ती तारीख मी एकालाच दिली होती, एवढं नक्की आठवतं. कोणाला, ते सर्व्हरला माहीत होतं.

२ मार्च
पावत्या मागितल्या. कोणाची धुण्यात गेली, कोणाची उंदराने खाल्ली. अकरांतला सुग्रीव तर अंगावरच आला. "तुमचा डेटा गेला तर दैव, आन् आमची पावती गेली तर लबाडी कावून?" रागावला, म्हणजे खोटा.

३ मार्च
अंबाजोगाईला कॉलेजात तर्कशास्त्र होतं. ते कामी आणून एकेकाची मुलाखत घेतली. इसाकभाई फळवाल्यांनी मुलगी समिनाच्या लग्नाची तारीख २२ एप्रिल सांगितली. अक्षय तृतीयेचं नावच काढलं नाही. इतका साधा दावा पाहून त्यांना जरा जास्तच खोदून विचारलं. चहा अर्धा ठेवून उठले.

सर्वांत ठाम बंकट. आचारी ठरलेला, मेनू पाठ. कढी की आमटी यावर त्याचं घरात भांडण चालू आहे. खोटं बोलणारा माणूस इतक्या खोलात जात नाही. अक्षय तृतीया बंकटच्या मुलाला.

१० मार्च
क्लाऊड घेतला. हा पराभव नव्हे, अभ्यासांती बदललेलं मत आहे. पहिली नोंद: बंकट, १९ एप्रिल. माझ्या, मनिषाच्या, अमरसिंहांच्या अशा तिन्ही फोनवर एकदम दिसते. सुग्रीव आणि इसाकभाई बीड रोडच्या नव्या हॉलकडे गेले म्हणे. गाळ आपोआप निघतो.

१ एप्रिल
बाहेरच्या फलकासाठी बंकटला नवरीचं नाव विचारलं. तो म्हणाला, "पोरगी अजून बघतोय, सर. हॉल बुक हाय म्हनलं की पाव्हणे लवकर हो म्हनत्यात." आजकाल मुली लई विचारपूस करतात, निदान तारीख तरी पक्की दाखवता यावी, असं त्याचं म्हणणं. तर्कात चूक काढता आली नाही.

४ एप्रिल
सुग्रीवच्या घरी गेलो. परत या, भाडं कमी करतो, म्हणालो. त्याने हातात पत्रिका ठेवली. बीड रोडचा हॉल, १९ एप्रिल. सहकुटुंब या म्हणाला. त्याच्या बायकोने रद्दीत ठेवलेली आमची पावतीही काल सापडली, असं जाता जाता सांगितलं. तारीख त्याचीच होती.

१२ एप्रिल
बंकटकडून निरोप: दोन ठिकाणी बघून आले, जमलं नाही. अक्षय तृतीया दुसऱ्या कोणाला द्यायची असली तर खुशाल द्या, त्याची हरकत नाही.

बाकीच्या नऊ जणांना फोन केले. सगळ्यांची दुसरीकडे सोय झालेली.

१९ एप्रिल
सकाळपासून कार्यालयात एकटा. रस्त्याने गाड्यांमागून गाड्या, सगळ्या बीड रोडकडे. नवऱ्या मुलाची एक गाडी फाटकात वळली. आशेने उठलो. ड्रायव्हर पत्ता विचारत होता. सांगितला.

दुपारी अमरसिंह आले. डोक्याला सुग्रीवकडच्या लग्नातला फेटा, हातात पुडकं. मोकळा हॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. रागावतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, मुद्द्यांसह. ते फक्त म्हणाले, "दाजी, जेवून घ्या. सुग्रीवनं खास तुमच्यासाठी बांधून दिलंय. उद्या क्लासवाले बाकड्यांची मापं घ्यायला येणारेत, किल्ली तेवढी देऊन ठेवा."

किल्ली दिली. जेवलो. जिलेबी चांगली होती.

न्याय म्हणून हेही नोंदवतो की क्लाऊड आज दिवसभरात एकदाही बंद पडला नाही.