येसर घातलेला पास्ता

जान्हवी,

तू शाळेवरून येईस्तोवर मी जालन्याच्या दवाखान्यात असंन. तुझे मामंजी संगं आहेत. भारतला लगेच फोन करू नको, माझं पोरगं बाईक जोरात हाणत येतं.

आमटीसाठी येसराचं पीठ वाटीत काढून ठेवलंय. पाण्यात कालवूनच टाक, कोरडं टाकलं की गुठळ्या होतात. येसराच्या भाजणीचं माप आजवर तुला सांगितलं न्हाई. हे एक काम माझ्याकडंच राहावं वाटायचं. आता डब्यात कागद लिहून ठेवलाय. धने जास्त भाजू नको, कडू होतात.

दुसरं असं, की चार महिन्यांपासून मी तुला एक दिवसाआड तो दुधातला पास्ता करायला लावून राह्यले. मैद्याच्या जागी तू आपलं येसर लावलंस, तेव्हापासून सासूला परदेशी खाणं आवडायला लागलं, असं तू माहेरी फोनवर सांगत होतीस. मी ऐकलं अन् तुला तसंच समजू दिलं. भाकर गळ्याखाली उतरत न्हवती, बाई. दुधात कुस्करली तरी अडकायची. तुझा पास्ता तेवढा सरकायचा. तुझा आनंद मोडवला न्हाई, अन् मलाही भ्या वाटत होतं.

चव बराबर होती, ते खोटं न्हाई सांगितलं.

कालचं ताट संपवलं म्हणाले, ते मात्र खोटं. फ्रिजमधी मागं झाकून ठेवलंय. आता पास्ताही उतरेना.

आत्याबाई