डाव्या हाताची दोरी

कोष्टीपुरा, नागपूर
१२ डिसेंबर १९५८

प्रिय अनंता,

अकरा वर्षांनी ताईचं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. सगळं म्हणजे बाबा आणि मी. तू सोलापुरात गिरणीत आहेस, हे तिथूनच दिवाळीला घरी आलेल्या कवडूने सांगितलं. आधी का नाही सांगितलंस म्हणून मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं, तर म्हणे तूच शपथ घातली होतीस. शहाणाच आहेस.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, त्यामुळे दोन वर्षांपासून त्यांचा माग बंद आहे. तुझा तर तू गेलास तेव्हापासूनच. घरात आवाज म्हणून नाही. कधीकधी मी भांडी उगाच आपटून ठेवते. मला फार एकटं वाटतं रे.

गेल्या शनिवारी संध्याकाळी सदर भागात एस्टोनिया नावाच्या मुलखातले छोटे चित्रपट दाखवले. त्यातल्या एकात हातमाग होता, म्हणून आपल्या विणकर सोसायटीला आमंत्रण होतं. एस्टोनिया कोणत्या तालुक्यात येते, असं बाबांनी विचारलं. रशियाकडे, म्हटल्यावर स्वेटर घालून निघाले. चित्रपट मुके होते. एक गृहस्थ शेजारी उभे राहून हिंदीत माहिती वाचायचे. आधी बर्फ, समुद्र, मासेमारीची जाळी झाली. मग हजारो माणसं एका मैदानात तोंड उघडून गात होती आणि ऐकू काहीच येत नव्हतं. मला ते बघवेना.

नंतर माग आला. आमच्याकडे पाठ करून एक तरुण बसला होता. डाव्या हाताने धोटा पळवायची दोरी ओढायचा, उजव्याने फणी ठोकून सूत बसवायचा. अगदी तुझ्यासारखा. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. ‘हा त आपला अनंता हाय वं!’ मग ते पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, ‘चांगला इनतं गा तू. इन, इन.’ अनंता, ज्या डाव्या हातावर त्यांनी तुला छडीने मारलं, त्याच हाताला ते चांगला म्हणत होते.

तेवढ्यात चित्रपट थांबला. रीळ उलटं चढलं होतं, आरशातल्यासारखं सगळं डावं-उजवं झालं होतं. नावाची अक्षरंही उलटी आली होती म्हणे, पण ती वाचता कोणाला येत होती! रीळ नीट करून पुन्हा लावली, तर तोच तरुण आता उजव्या हाताने दोरी ओढत होता, चारचौघांसारखा. बाबा उभेच राहिले. ‘काहून बदलवलं? बरा इनून राहिला होता तो.’ सगळे हसले. लाजेने मीही हसले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तू गेलास त्या सकाळचं मी विसरलेले नाही. तू मागाची दोरी डावीकडे बांधून घेतली होतीस आणि बाबांनी ती कापून उजवीकडे बांधली. धंद्याची रीत मोडू नको, म्हणाले. तू भाकरीही न खाता निघालास. मी दारात उभी होते आणि तुला थांबवलं नाही. तेव्हा मीही बाबांच्याच बाजूची होते. आज ते कबूल करते.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. आज सकाळी विहिरीवरून आले तर बाबा तुझ्या मागावर बसलेले. जळमटं काढलेली, बोटांनी चाचपून चाचपून काम चाललेलं. कोणासाठी, असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पत्र लिहितेय हे त्यांना ठाऊक नाही. दुपारी ते झोपल्यावर मी मागावर बसून बघितलं. माझा उजवा हात सवयीने दोरीकडे गेला आणि तिथे काहीच नव्हतं. दोरी त्यांनी डावीकडे बांधली आहे. या घरात तो माग आता ना त्यांना चालवता येतो, ना मला.

तुझीच,
शामलाताई